करितारावांचा शिक्का

१ मार्च रोजी करितारावांच्या पगाराच्या पाकिटातून दोनशे पंधरा रुपये पन्नास पैसे जास्त निघाले. त्यांनी रोखपालाच्या खिडकीसमोर उभे राहूनच दोनदा मोजले.

"मोजा, सावकाश मोजा," रोखपाल आतून म्हणाला. "चुकून दिलेले नाहीत. प्रभारी भत्ता आहे तो."

रांगेत मागे ब्रेक विभागातला मिस्त्री उभा होता. तो म्हणाला, "मग आता यांचं नाव बदलायला पाहिजे. करिताराव म्हणून कसं चालेल?"

रांग हसली. करितारावही हसले आणि पाकीट आतल्या खिशात ठेवून बाजूला झाले.

हे नाव त्या मिस्त्रीनेच पाडलेले होते. बस कंपनीच्या कार्यशाळेत सुट्या भागांचे भांडार होते आणि करिताराव तिथे एकोणीस वर्षे सहाय्यक होते. भांडारातून साधा बल्ब न्यायचा तरी तळहाताएवढी पावती लागे आणि तिच्यावर भांडारपालाची सही लागे. भांडारपाल बैठकीला, जेवायला किंवा टायरच्या गोदामात गेले असले, की सहाय्यकाने सही करायची, पण सहीखाली ‘भांडारपाल करिता’ असे लिहायचे. म्हणजे सही माझी, अधिकार त्यांचा. मिस्त्रीने एकदा हिशेब केला होता, की दिवसाला वीस धरले तरी या माणसाने लाखाच्या वर वेळा ‘करिता’ लिहिले. त्या दिवसापासून कार्यशाळेत त्यांचे खरे नाव कोणी घेतले नाही.

करिताराव नाकासमोर चालणारे गृहस्थ. भांडारात बेचाळीस रॅक होते, प्रत्येक कप्प्याला दोऱ्याने बांधलेले कार्ड होते, आणि कुठल्या कार्डावर शिल्लक किती हे ते डोळे मिटून सांगत. बेअरिंग मेणकागदातून काढताना कागद फाटू द्यायचा नाही, हे त्यांना नानांनी शिकवले होते. नाना म्हणजे भांडारपाल. कामावर लागल्याच्या पहिल्या आठवड्यात करितारावांनी गॅस्केटचा अख्खा गठ्ठा चुकीच्या रॅकवर लावला होता, तेव्हा नानांनी सगळ्यांदेखत ओरडण्याऐवजी सुट्टी झाल्यावर थांबून त्यांच्याबरोबर तो गठ्ठा हलवला होता.

२ फेब्रुवारीला नाना गोदामातल्या शिडीवरून घसरले. नडगीचे हाड मोडले आणि पुढे त्या हाडात पू झाला. दुखणे लांबणार हे दिसताच वरून हुकूम आला, की नाना परत येईपर्यंत सहाय्यकाने ‘प्रभारी भांडारपाल’ म्हणून काम पाहावे. भत्ता त्याचाच.

त्या दिवशी घरी जाताना करितारावांनी रस्त्यात थांबून पगाराची चिठ्ठी उघडली. पैशाचा आनंद झालाच होता, नाही असे नाही. पण त्यांनी चिठ्ठी उघडली ती पदनामाच्या रकान्यासाठी. तिथे एकोणीस वर्षांत पहिल्यांदा दुसरा शब्द छापलेला होता. तो वाचताना छातीत काहीतरी हलके, ऊबदार वाटले. ते पुन्हा वाटावे म्हणून त्यांनी पुढच्या कोपऱ्यावर चिठ्ठी परत उघडली.

आता यात गंमत अशी, की या प्रकाराला काय म्हणतात हे करितारावांना पाठ होते. दर रविवारी सकाळी वाचनालयाच्या माडीवर ते एका अभ्यासवर्गाला जात. कंपनीच्या दवाखान्यातून निवृत्त झालेले एक कंपाउंडर तिथे सात-आठ जणांना बुद्धाची जुनी शिकवण समजावून सांगत. फळ्यावर चौकोन काढायचे, चौकोनात एकेक शब्द आणि मध्ये बाण. वेदना, त्यातून तण्हा, त्यातून उपादान, त्यातून भव, मग जाति म्हणजे जन्म, मग जरामरण. करितारावांनी ही साखळी वहीत पट्टीने आखून घेतली होती आणि बाण लाल शाईने काढले होते.

कंपाउंडर दवाखान्यातलीच उदाहरणे देत. "आमच्याकडे एक गुलाबी औषध होतं," ते सांगत. "खोकल्याचं. जरा गोड. बाईला दिलं, तिला बरं वाटलं. ही वेदना. वेदना म्हणजे दुखणंच नव्हे हो, बरं वाटणं हीसुद्धा वेदनाच. पुढच्या खेपेला ती म्हणाली, तेच द्या. ही तण्हा, तहान. मी म्हटलं, आज पांढरं आहे, गुण तोच. तर म्हणाली, नाही, मला गुलाबीच लागतं. आता तिने ते धरलं, मुठीत घट्ट धरलं. हे उपादान. आणि वर्षभराने बघतो तर रांगेत भांडतेय, मी गुलाबी औषधवाली, मला कोण अडवतंय. झाला भव. खोकला केव्हाच गेलेला, पण गुलाबी औषधवाली एक बाई जन्माला आली. आता औषध संपलं की मरण तिचं."

सगळे हसत. करितारावही हसत आणि वहीत लिहून घेत.

एप्रिलमध्ये शिक्क्याचे निघाले. नानांच्या शिक्क्यावर त्यांचे नाव होते, त्यामुळे तो वापरता येत नव्हता, आणि दिवसाला शंभरावर पावत्यांवर पदनाम हाताने लिहून बोटे दुखत. करिताराव शिक्केवाल्याकडे गेले. ते दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. त्यांनी कागदावर लिहून दिले, ‘प्रभारी भांडारपाल’. शिक्केवाल्याने पावती मागून घेतली आणि तिच्यावर पट्टी लावली.

"हे दोन ओळीत जाईल. पावती छोटी, सहीवर येईल."

"अक्षर बारीक करा."

"बारीक केलं तर महिन्याभरात शाईने बुजेल. मग मलाच शिव्या घालाल." त्याने मान तिरकी केली. "प्रभारी काढतो. नुसतं भांडारपाल. लोकांना माहीत आहे ना तुम्ही कोण ते?"

"माहीत आहे," करिताराव म्हणाले.

"मग झालं तर."

शिक्का चार दिवसांनी मिळाला. लाकडी मुठीचा, हातात बसणारा. करितारावांनी तो पत्र्याच्या छोट्या डबीत ठेवला आणि डबी खिशात. जागा पुरत नव्हती म्हणून एक शब्द गाळला, यात खोटे काही नव्हते. शिक्केवाल्याला त्यांनी आधी बरोबरच लिहून दिले होते, हे ते स्वतःला वरचेवर सांगत. कोणी विचारलेले नसताना सांगत.

महिना-दीड महिन्यात काय काय बदलले याची त्यांनी नोंद ठेवली नाही, एरवी ते नोंदी ठेवण्यात पटाईत होते. खिडकीच्या जाळीपलीकडून कोणी "करिताराव" म्हणून हाक मारली, की ते लगेच मान वर करीनासे झाले. घरच्या गॅसच्या अर्जावर ‘व्यवसाय’ या रकान्यात त्यांनी ‘भांडारपाल’ लिहिले आणि शाई वाळल्यावरच ते त्यांच्या ध्यानात आले. खोडले तर अर्ज घाण दिसेल म्हणून तसेच ठेवले. मिस्त्री एकदा म्हणाला, "काय साहेब, आज चालसुद्धा नानांची." त्याने टोमणा मारला होता. करितारावांना तो दिवसभर गोड लागला.

त्यांच्या बायकोला मात्र शब्दांत रस नव्हता. भांडारपालाच्या पदाबरोबर कंपनीचे घर मिळत असे. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पुढे व्हरांडा. त्यात नाना राहत होते. करितारावांचे बिऱ्हाड एका खोलीत, आणि नळ जिन्याखाली.

"नाना परत येतील का हो कामावर?" ती एक दिवस कपडे वाळत घालताना म्हणाली.

"डॉक्टर म्हणतात, सांगता येत नाही."

"मी वाईट चिंतत नाही कुणाचं. पण विचारून ठेवायला काय जातं? आपण आधी विचारलं नाही, तर बाहेरचा कोणी येऊन बसेल."

"आजारी माणसाच्या घराबद्दल काय विचारायचं?"

"घराबद्दल नाही, जागेबद्दल विचारा. घर मागून येतंच."

जूनमध्ये करिताराव नानांना भेटायला गेले. नाना खाटेवर, पाय उशीवर, खोलीत औषधाचा वास. त्यांच्या पत्नीला सगळे नानी म्हणत. नानींनी खुर्ची पुढे ओढली.

"ऑइल सील आले का रे?" नानांनी विचारले. बरा आहेस का, हे नंतर.

"आले. दोनशे."

"उघडून बघितलेस? खोक्यावर दोनशे लिहितात आणि आत एकशे नव्वद भरतात मेले."

"मोजले. एकशे शहाण्णव होते. चार मागवले."

नाना समाधानाने मागे टेकले. "तू आहेस म्हणून मी इथे पडू शकतो. डॉक्टर म्हणतो पू कमी आहे. सकाळ-संध्याकाळ इंजेक्शन चालू आहे. आणखी तीन महिने, म्हणतो. मग काठी घेऊन येईन. खिडकीत बसायला पाय कशाला लागतो?"

करिताराव "हो ना" म्हणाले. त्यांची नजर नानांच्या डोक्यामागच्या खिडकीवर होती. ती चार फुटांची असावी. पडद्याला कापड किती लागेल हा आकडा त्यांच्या मनात आपोआप तयार झाला. मग कपाट कुठल्या भिंतीला येईल ते दिसले. खाट जिथे होती तिथेच ते नीट बसत होते. फक्त खाट तिथे नको होती.

खाट नको, इथवर विचार आला आणि पुढचे त्यांना उमगले. त्यांनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

"बरं वाटत नाही का?" नानींनी विचारले.

"उकडतंय," ते म्हणाले आणि लवकर उठले.

रस्त्याने जाताना त्यांना कळत होते, की नाना तीन महिन्यांत येणार हे आपल्याला नको होते. ज्याने आपल्याला काम शिकवले, त्याच्या हाडातला पू कमी झाला याचे आपल्याला दुःख झाले. त्यांनी चालण्याचा वेग वाढवला. घरी बायकोने नाना कसे आहेत म्हणून विचारले तेव्हा ते म्हणाले, "तसेच."

कंपनीचा नियम असा, की आजारपणाची रजा सलग एकशे ऐंशी दिवस. त्याच्या आत डॉक्टरच्या दाखल्यासह मुदतवाढीचा अर्ज आस्थापना विभागात पोचला पाहिजे. नाही पोचला तर माणसाचे नाव पटावरून उतरते, जागा रिकामी होते, घर जाते, आणि दवाखान्याचे फुकट औषध त्याच दिवशी बंद. नानांचा एकशे ऐंशीवा दिवस ३१ जुलै हा होता. अर्ज आपल्या विभागप्रमुखाकडे द्यायचा आणि त्याने तो पुढे पाठवायचा, अशी पद्धत. नाना स्वतःच विभागप्रमुख. म्हणजे त्यांचा अर्ज प्रभारीकडे येणार.

२२ जुलैला नानांची मुलगी भांडाराच्या खिडकीत आली. ती बालवाडीत शिकवत असे. तिने जाळीखालच्या फटीतून लिफाफा आत सरकवला.

"काका, बाबांचा दाखला आणि अर्ज. ३१ च्या आत जायला पाहिजे म्हणे."

"जाईल."

"पोच वगैरे घेऊ का?" तिने विचारले आणि स्वतःच हसली. "बाबा म्हणाले, त्याच्याकडे काय पोच मागतेस, घरचा माणूस आहे."

"हो, काही गरज नाही."

त्यांनी लिफाफा टेबलाच्या डाव्या खणात ठेवला. आस्थापना विभाग अंगण ओलांडून समोर, दीडशे पावले. त्या दिवशी टायर उतरवायचे होते. दुसऱ्या दिवशी आस्थापनेच्या बाई रजेवर होत्या. तिसऱ्या दिवशी पाऊस होता आणि लिफाफा भिजला असता. चौथ्या दिवशी काहीच नव्हते. करितारावांनी खण उघडला, लिफाफा बघितला, खण लावला आणि पावत्या तपासायला घेतल्या. न पाठवण्याचे त्यांनी ठरवले नव्हते. त्यांनी काहीच ठरवले नव्हते. रोज एक दिवस जात होता, एवढेच.

मधल्या रविवारी वर्गात त्यांनी हात वर केला. सहसा ते प्रश्न विचारत नसत.

"उपादान आणि भव यांच्यात अंतर किती असतं?"

"दिवसांत सांगू की फुटांत?" कंपाउंडर म्हणाले. माडी हसली.

"तसं नाही. म्हणजे माणसाला कळतं का, की धरणं संपलं आणि आता आपण तेच होऊन बसलो?"

कंपाउंडरांनी खडू खाली ठेवला. "शेजाऱ्याला कळतं. ज्याचं होतं त्याला वाटतं, आपण पहिल्यापासून असेच होतो. उपादानं चार सांगितली आहेत ना. सुखाची वस्तू धरणं, मत धरणं, व्रत-नियम धरणं आणि चौथं, ‘मी’ हे धरणं. पहिली तीन दिसतात तरी. चौथं धरणाऱ्याच्या डोळ्यांच्या मागे असतं."

"मग परत फिरायचं कुठून?"

"सोपं वेदनेपाशी. बरं वाटलं, बरं वाटलं म्हणून सोडून द्यायचं. तहान लागली की जड. भव झाल्यावर..." ते थांबले. "भव झाल्यावर परत फिरायला निघतो तोसुद्धा तो नवाच माणूस असतो रे. त्याला स्वतःवर घाव घालावा लागतो. का विचारतोस?"

"वहीत जागा सोडली होती," करिताराव म्हणाले.

३१ जुलै आला तेव्हा ते सकाळी वेळेच्या आधी कामावर गेले आणि संध्याकाळी सगळ्यांच्या शेवटी निघाले. दिवसभरात त्यांनी डावा खण उघडला नाही. घरी बायकोने एक पुडके दाखवले. पडद्याचे कापड, स्वस्तात मिळाले म्हणून घेतलेले. त्यांनी कापडाला हातही लावला नाही, पण परत करून ये असेही म्हणाले नाहीत.

५ ऑगस्टला नानांची मुलगी पुन्हा खिडकीत आली. तिच्या मागे पावती घेऊन दोन मेकॅनिक उभे होते.

"काका, तो कागद गेला ना?"

"गेला," करिताराव म्हणाले. हा शब्द इतक्या सहज बाहेर आला, की त्यांचे त्यांनाच नवल वाटले.

"मग दवाखान्यात असं का म्हणतात? एक तारखेपासून बाबांचं इंजेक्शन बंद केलंय. नाव पटावर नाही म्हणे. चार दिवस बाहेरून विकत आणतोय. बाबांना सांगितलं नाही, आईने सांगू दिलं नाही. त्यांना वाटतं दवाखान्याचंच आहे." ती रडत नव्हती. वर्गातल्या पोराला समजावून सांगावे तसे सांगत होती. "तुम्ही जरा आस्थापनेत विचाराल का? माझं कोणी ऐकून घेत नाही. तुमच्या शब्दाला वजन आहे."

"विचारतो," ते म्हणाले. "तू जा. आजच विचारतो."

ती गेली. मेकॅनिकने पावती सरकवली. करितारावांनी सही केली, शिक्का मारला, बेअरिंग दिले. दुसऱ्याचीही पावती केली. मग खिडकीची फळी लावली, खण उघडला, लिफाफा घेतला आणि अंगण ओलांडले.

आस्थापनेच्या बाई केस पिकलेल्या, कोणाचेही नाव विसरत नसलेल्या. त्यांनी अर्ज वाचला, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितले आणि चष्मा काढला.

"आज आणताय हे?"

"हो."

"तुम्हाला कधी मिळालं?"

करितारावांनी रिकामा लिफाफा टेबलावर सरळ केला.

"कारण असं आहे बघा," बाई म्हणाल्या. "तुमच्याकडे ३१ च्या आत आलं असेल, तर नियमाने ते वेळेत आलं. उशीर तुमच्याकडचा, त्यांचा नाही. मागच्या बाजूला मिळाल्याची तारीख घाला, सही करा, मी आजच नाव पुन्हा चढवते. आणि तुम्हालाच आज मिळालं असेल, तर आजची तारीख घाला. मग माझ्या हातात काही उरत नाही. जागा रिकामी." त्यांनी आवाज थोडा खाली आणला. "तुमच्या बढतीची फाइल तयार आहे, एवढं सांगते. नुसती वरची सही बाकी आहे. पेढे... बरं, ते राहू दे. घाला तारीख."

बाईंनी पेन पुढे केले. मुलीकडे पोच नव्हती. तिने कागद दिला हे कोणी पाहिले नव्हते. तारीख आणि महिना एवढेच लिहायचे होते. ५ लिहिले तर करिताराव भांडारपाल होते. नानींना घर सोडावे लागले असते, कपाट भिंतीला लागले असते, आणि बायको संध्याकाळी व्हरांड्यात बसली असती. हे सारे त्यांना एका दमात दिसले. आणि ते नकोसे वाटले असे मुळीच नाही. ते अजून हवे होते. पेन धरलेल्या बोटांनाही हवे होते.

त्यांनी लिहिले, ‘दि. २२ जुलै रोजी मिळाले.’ खाली सही केली. मग सवयीने खिशातून डबी काढून शिक्का मारला.

बाईंनी कागद उचलला. आधी तारीख वाचली आणि त्यांच्याकडे बघितले. मग शिक्का वाचला आणि पुन्हा बघितले.

"चौदा दिवस?" त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने, "तुम्ही भांडारपाल कधी झालात?"

भांडारातल्या पावत्या हिशेब विभागात जात, आस्थापनेत कधीच येत नसत. त्यामुळे तो शिक्का त्या पहिल्यांदाच बघत होत्या.

नानांचे नाव त्याच दुपारी पटावर चढले आणि संध्याकाळचे इंजेक्शन दवाखान्याने दिले. करितारावांना ९ तारखेला मेमो आला. त्यात दोन आरोप होते, सहकाऱ्याचा कागद अडवून ठेवणे आणि नसलेले पद धारण करणे. शिक्षा म्हणून एक वेतनवाढ थांबली आणि प्रभार गेला. वर हिशेब विभागाने आणखी एक काम काढले. एप्रिलपासून त्या शिक्क्याच्या अकरा हजारांवर पावत्या जमा होत्या. प्रत्येकीवर शिक्क्याच्या आधी हाताने ‘प्रभारी’ लिहून आद्याक्षरी करायची, नाहीतर त्या ग्राह्य नाहीत. हिशेब विभागाच्या कोपऱ्यात स्टूल टाकून करिताराव तीन आठवडे बसले. पावत्या वीस-वीसच्या गठ्ठ्यांत यायच्या. मिस्त्री एकदा तिथे काही कामाने आला, त्याने खांद्यावरून वाकून बघितले आणि तो आपल्या कामाला गेला.

घरी बायकोने पडद्याचे कापड पेटीच्या तळाशी घातले. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "आजची तारीख घातली असती तर कुणाला कळणार होतं?"

"कुणालाच नाही."

"मग?"

ते जेवत राहिले. आपण ती तारीख चांगुलपणाने घातली, की मुलगी कधीतरी बोलेल या भीतीने, हे त्यांना तेव्हाही ठरवता आले नाही आणि पुढेही नाही. रविवारी कंपाउंडरांना त्यांनी सगळे सांगितले. कंपाउंडर म्हणाले, "हं." आणि फळा पुसायला लागले.

नानांकडे जाणे जिवावर आले होते, तरी ते ऑगस्टच्या शेवटी गेले. खुर्ची कोणी पुढे केली नाही. ते उभे राहूनच बोलले. कागद माझ्याकडे चौदा दिवस होता, मुद्दाम ठेवला होता. एवढे म्हणून ते थांबले.

नानांनी मान त्यांच्याकडे वळवली.

"कुठे ठेवला होतास?"

"डाव्या खणात."

"त्या खणाला ओल येते," नाना म्हणाले. "कागद तिथे ठेवायचा नाही, हे किती वेळा सांगितलं तुला." मग त्यांनी तोंड भिंतीकडे केले.

नानी आतून औषधाच्या दुकानाची बिले घेऊन आल्या. त्या कधी मोठ्याने बोलत नसत, तेव्हाही बोलल्या नाहीत. "चार दिवसांची आठ इंजेक्शनं. साडेशेहेचाळीस रुपये एक. तीनशे बहात्तर. हे मागणार नाहीत तुमच्याकडे. मी मागते."

"देतो," करिताराव म्हणाले. "दरमहा पन्नास चालतील?"

"चालतील."

१ सप्टेंबरपासून ते दर पगाराला जात. नानी व्हरांड्यातच पैसे घेत, मोजत आणि दार लोटून घेत. नोव्हेंबरमध्ये वैद्यकीय मंडळाने नानांना कामासाठी अपात्र ठरवले. पटावर असल्यामुळे त्यांचे सगळे देणे कंपनीने चुकते केले, आणि घर तीन महिन्यांत सोडायला सांगितले. भांडारात दुसऱ्या आगारातून नवा भांडारपाल आला. तो चौतीस वर्षांचा, घाईचा आणि सारखा बैठकीला जाणारा. करिताराव पावत्यांवर ‘भांडारपाल करिता’ लिहू लागले. कधीकधी दुपारी खिडकीवर गर्दी असली, की हात सहीपाशीच थांबे आणि पुढचा शब्द लिहायचा राहून जाई. मग ते पावती परत मागून घेत. पलीकडचा माणूस वैतागे.

फेब्रुवारीचे पन्नास नानींनी घेतले तेव्हा व्हरांड्यात बांधलेली गाठोडी होती. पुढच्या पगाराला करिताराव गेले तेव्हा दार नव्या भांडारपालाच्या बायकोने उघडले. नाना कुठे गेले ते तिला ठाऊक नव्हते. बालवाडीत चौकशी केली, तर मुलीने नोकरी सोडली होती आणि पत्ता दिलेला नव्हता. आस्थापनेच्या बाईंकडे जो पत्ता होता तो याच घराचा होता.

तीनशे बहात्तरपैकी तीनशे फिटले आहेत. बहात्तर रुपये द्यायचे बाकी आहेत.